नकाशावर अकरा ठिपके

आधी गुण सांगून टाकते. मी राहते त्या लहान शहरातल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या सार्वजनिक चार्जिंगला पाचपैकी अडीच. त्यातले दोन एकट्या हॉस्पिटलच्या पार्किंगमधल्या संथ चार्जरांनी मिळवलेत. उरलेला अर्धा बाकीच्यांनी आपसात वाटून घ्यावा.

ज्यांच्या घराखाली स्वतःचं पार्किंग आहे आणि भिंतीवर प्लग आहे, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. त्यांना बाहेरचा चार्जर लागतो तो परगावी जाताना. मी भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर राहते. गाडी रस्त्याच्या कडेला असते, आणि खाली वायर सोडायची कल्पना घरमालकांनी पूर्ण ऐकूनसुद्धा घेतली नाही. त्यात काम फिरतीचं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा बदललेले, अर्धांगवायूतून सावरणारे, क्लिनिकपर्यंत येऊ न शकणारे असे माझे पेशंट. त्यांच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचा. गाडी बंद म्हणजे काम बंद. तेव्हा हा रिव्ह्यू सगळं चार्जिंग बाहेरच करणाऱ्या बाईचा आहे, आणि शहराची खरी परीक्षा अशाच गिऱ्हाइकाकडून होते असं माझं मत आहे.

गाडी साधी, ४० युनिटच्या बॅटरीची. युनिट म्हणजे किलोवॅट-तास, वीजबिलावर असतं तेच. किलोवॅट हा भरण्याचा वेग: एसीवर, म्हणजे घरात येते तशा विजेच्या संथ चार्जरवर, जास्तीत जास्त ७.२ घेते; डीसीवर, म्हणजे थेट बॅटरीला वीज देणाऱ्या जलद चार्जरवर, ५० पर्यंत. तिचं नाव सांगत नाही, कारण खाली ज्या अडचणी येतील त्यांचा गाडीच्या कंपनीशी काही संबंध नाही.

चार्जिंगच्या अ‍ॅपमध्ये शहराचा नकाशा उघडला की अकरा ठिपके दिसतात. बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढ्याशा शहराला अकरा म्हणजे चंगळच. आता मोजू या. तीन ठिपके गाड्यांच्या शोरूमचे. तिथे आधी आपल्या कंपनीच्या गाड्या, त्यातही सर्व्हिसिंगला आलेल्या, आणि संध्याकाळी शटर खाली आलं की संपलं. एक ठिपका कुणाच्या तरी सोसायटीतला खासगी चार्जर आहे. नोंदणी करताना कुठलीतरी चौकट चुकीची टिकली गेली असणार. तिथला वॉचमन आता गाडी वळताना पाहूनच हात हलवतो. एक ठिकाण निव्वळ साध्या सॉकेटचं, दुचाकींसाठी. स्कूटरवाल्यांना उत्तम, चारचाकीला निरुपयोगी. एका जागी मशिन उभं आहे, स्क्रीनवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, वीजजोडणीची वाट पाहतंय. अकरातून सहा गेले, उरले पाच: बसस्थानक, बाह्यवळणावरचा पेट्रोल पंप, मॉलचं तळघर, हॉस्पिटल आणि वाचनालय.

त्या पाचांकडे वळण्याआधी ठिपक्याच्या हिरव्या रंगाबद्दल बोलायला हवं, कारण नव्या गाडीवाल्यांची सगळ्यात जास्त दमछाक तो रंग करतो. चार्जर आणि तो चालवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर यांच्यात संवाद चालतो तो बहुतेक ठिकाणी ओसीपीपी नावाच्या प्रोटोकॉलमधून, म्हणजे दोघांनी मानलेल्या ठरावीक भाषेतून. त्याची २०१५ ची १.६ ही आवृत्ती अजूनही सर्रास वापरात आहे. तिच्यात प्रत्येक गनसाठी (गन म्हणजे गाडीत खुपसायचं केबलचं टोक) नऊ अवस्था ठरलेल्या आहेत: उपलब्ध, तयारीत, चार्जिंग चालू, बिघडलेली, राखीव वगैरे. त्यातली एक मोठी मजेशीर आहे. चार्जिंग संपलंय पण गन अजून गाडीतच आहे, अशा स्थितीला वेगळं नाव आहे. म्हणजे कुणी गाडी भरून झाल्यावर नुसती अडवून बसलाय, हे सर्व्हरला कळू शकतं. पण अ‍ॅपवाले ही अवस्था ‘व्यस्त’ याच खात्यात टाकतात, आणि आपल्याला कळायला मार्ग नसतो की पुढचा माणूस पाच मिनिटांत निघणार आहे की सिनेमाला गेलाय.

उलट बाजू याहून वाईट. ‘उपलब्ध’ याचा अर्थ एवढाच की चार्जरने शेवटचं जे कळवलं त्यात तक्रार नव्हती. गनसमोर पेट्रोलची गाडी लावलेली असेल तर चार्जरला त्याचा पत्ता नसतो. गनची पिन वाकली असेल, स्क्रीन मेला असेल, फाटकाला कुलूप असेल, तरी ठिपका हिरवा. म्हणून ठिपक्याचा रंग मी बघतच नाही. त्याखाली शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते बघते. दोन तासांपूर्वी कुणीतरी वीस युनिट भरले असतील तर निघते. चार दिवसांत कुणी फिरकलं नसेल तर नाही.

बसस्थानकाजवळचा डीसी चार्जर म्हणजे शहराची शान. उद्घाटनाची पाटी मशिनपेक्षा मोठी आहे. पेटीवर ६० किलोवॅट लिहिलंय, दोन गन आहेत, दोन्ही सीसीएस-२, म्हणजे जलद चार्जिंगच्या गनचा एक प्रकार. सकाळी लवकर गेलात, शेजारची गन रिकामी असली, तर काम झकास होतं. शेजारी दुसरी गाडी लागली की साठाचे तीस-तीस होतात, आणि स्क्रीनवर किलोवॅटचा आकडा निम्म्यावर आला की पहिला गाडीवाला दुसऱ्याकडे जी नजर टाकतो ती पाहण्यासारखी असते. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. मशिनच्या आत लहान लहान पॉवर मॉड्यूल, म्हणजे एसीचं डीसी करणारे डबे, असतात आणि ते दोन गनांत वाटले जातात. एखादं मॉड्यूल मेलं तरी मशिन बंद पडत नाही, अर्ध्या ताकदीवर चालू राहतं, ठिपका हिरवाच. दुपारच्या उन्हात तर ते स्वतःहून हात आखडतं, कारण आतलं तापमान वाढलं की वीज कमी सोडायची अशी त्याची रचनाच असते. हवेच्या जाळीवर धुळीचा थर बसला असेल तर ही वेळ लवकर येते. इथल्या जाळीवर मी एकदा बोटाने तारीख लिहून आले. पुढे बराच काळ ती तिथेच होती.

पेटीवरच्या आकड्याचं आणखी एक. वीज म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. गनची केबल १२५ अँपिअरची असेल आणि तुमची बॅटरी साधारण ३५० व्होल्टवर असेल, तर गुणाकार ४४ किलोवॅटच्या आत संपतो. पेटीवर मग काहीही छापलेलं असो. आणि बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की गाडी स्वतःच वेग कमी करते. आतल्या ग्राफाइटमध्ये लिथियमला शिरायला जागा कमी उरलेली असते, तेव्हा रेटून करंट ढकलला तर ते धातू होऊन पृष्ठभागावर साचायला लागतं आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणून डीसीवर शेवटच्या वीस टक्क्यांना कधी कधी आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ लागतो. रांग असताना शंभरावर अडून बसणाऱ्यांना हे समजावून सांगायचा प्रयत्न मी करते. ‘पैसे भरलेत ना, मग पूर्ण भरणार’ असं उत्तर येतं. यावर उपाय बोलण्यात नाही, बिलात आहे. टेस्लाने डिसेंबर २०१६ मध्येच भरून झाल्यावर जागा अडवणाऱ्यांना मिनिटामागे आकार लावायला सुरुवात केली होती. इथल्या कंपनीच्या अटींमध्येही तसा आकार लिहिलेला आहे. कुणाच्या बिलात आलेला मात्र ऐकला नाही.

बसस्थानकाच्या मशिनचा खरा शत्रू म्हणजे लाल बटण. बहुतेक डीसी चार्जरवर संकटकाळी दाबायचं मोठं लाल बटण असतं, ते असायलाच हवं. पण बसची वाट बघत बसलेल्या पोरांना ते दाबायला आवडतं, आणि एकदा दाबलं की ते आतच अडकून राहतं. मशिन बंद. लोक येतात, अ‍ॅपशी झगडतात, हेल्पलाइनला फोन लावतात, निघून जातात. चार्जर बंद दिसला तर पहिल्यांदा आसपास काही जळाल्याचा वास, धूर, तुटलेली केबल नाही ना ते बघा, आणि मग लाल बटण आत गेलंय का पाहा. गेलं असेल तर बाणाच्या दिशेने फिरवा, टक करून बाहेर येतं. अनेक मशिनं त्यानंतर आपोआप सुरू होतात. मला हे बसस्थानकातल्या एका सफाई कामगार मावशींनी दाखवलं. “ताई, हे पिरगाळा आणि दोन मिनिटं गप उभ्या राहा,” म्हणाल्या. कंपनीच्या हेल्पलाइनने तोवर माझ्याकडून अ‍ॅप काढून पुन्हा टाकून घेतलं होतं.

बसस्थानकाला पाचपैकी दीड. वेळ जमली तर चार, पण वेळ आपल्या हातात नाही.

बाह्यवळणावरचा पंप थोडक्यात: ३० किलोवॅटची एकच गन, पण चालू असते. कारण तिथे चोवीस तास माणूस आहे. मशिन अडलं तर तो मुख्य स्विच खाली-वर करतो, गाडी आडवी लावणाऱ्याला हटकतो, पावसात गन पुसून ठेवतो. त्याला याचा वेगळा पगार मिळत असेल असं वाटत नाही. शहरापासून लांब आहे, एवढंच माझ्यासाठी वाईट. जाण्यायेण्यात मिळवलेल्या विजेतला काही भाग खर्ची पडतो. प्रवाशांनी बेलाशक जावं. साडेतीन.

मॉलच्या तळघरात दोन एसी खांब आहेत आणि मोबाइलला रेंज नाही. चार्जिंग सुरू करायला अ‍ॅप लागतं, अ‍ॅपला इंटरनेट लागतं. वरच्या मजल्यावर जाऊन क्यूआर कोडच्या फोटोवरून सुरू करून पाहिलं, तोवर गन लावून ठेवल्याची मुदत संपली होती. यावर जगात तोडगे आहेत: टॅप करायचं आरएफआयडी कार्ड, साधं बँक कार्ड. युरोपीय संघाने १३ एप्रिल २०२४ पासून ५० किलोवॅट आणि त्यावरच्या नव्या सार्वजनिक चार्जरवर कार्डाने पैसे घेण्याची सोय सक्तीची केली, ती अशाच वैतागातून आली असणार. तळघराला शून्य देत नाही, कारण गाडी सावलीत राहते.

आता हॉस्पिटल.

हॉस्पिटलच्या मागच्या पार्किंगमध्ये सहा एसी खांब ओळीने उभे आहेत. प्रत्येकी ७.४ किलोवॅटचे, टाइप-२ चे (एसीच्या गनचा प्रकार). यांचं उद्घाटन झालं की नाही ठाऊक नाही, पाटी नाही. बातमीत येण्यासारखं त्यांच्यात काहीच नाही. मशिन म्हणावं असंही फारसं नाही, कारण एसी चार्जर खरं तर चार्जर नसतोच. एसीचं डीसी करणारा चार्जर गाडीच्या पोटात असतो. खांब फक्त वीज सोडतो, धरतो आणि लक्ष ठेवतो. त्यामुळे बिघडण्यासारखं कमी, थंड करायला पंखे नाहीत, धुळीने गुदमरायला जाळ्या नाहीत.

या सहा खांबांची जोडणी ज्याने केली त्या इंजिनिअरला भेटायची मला फार इच्छा आहे. सगळ्यांना मिळून ३२ अँपिअरची तीन-फेजची एकच लाइन आहे, म्हणजे एकूण साधारण २२ किलोवॅट. एका फेजवर दोन खांब. एकटी गाडी असेल तर तिला पूर्ण ३२ अँपिअर. शेजारच्या खांबावर दुसरी आली की दोघींना सोळा-सोळा, म्हणजे ३.७ किलोवॅट. हे वाटप खांब आणि गाडी आपसात ठरवतात. टाइप-२ च्या गनमध्ये एक बारीक पिन असते, तिच्यावरून खांब सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा इशारा पाठवत असतो. त्या प्रत्येक फेऱ्यात इशारा किती वेळ ‘चालू’ राहतो, त्यावरून गाडीला कळतं की किती अँपिअरपर्यंत घ्यायला परवानगी आहे. अर्ध्या वेळेच्या जरा वर असेल तर ३२. पाव आणि थोडा असेल तर १६. शेजारी गाडी लागली की खांब हा इशारा आखडतो, माझी गाडी मुकाट्याने कमी घेते, फ्यूज उडत नाही, भांडण नाही. डॅशबोर्डवरचा आकडा बदललेला मला तेव्हाच कळतो, मी गाडीत बसून फोन करत असले तर.

३.७ किलोवॅट म्हणजे हळू ना? हळूच. पण लोक गणित उलटीकडून मांडतात. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या माझ्यासारखीचं दिवसाचं अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. गाडी एका युनिटला सातेक किलोमीटर देते, म्हणजे लागणार सात-आठ युनिट. हे ३.७ वर दोन तासांत भरून निघतात. दुपारी हॉस्पिटलच्या फिजिओ विभागात मी तेवढा वेळ असतेच. गाडी नाहीतरी तिथेच उभी राहणार होती. डीसीवर मला चार्जिंगसाठी वेळ काढून, मशिनपाशी उभं राहावं लागतं, पुढचा माणूस ताटकळत असतो म्हणून. इथे वेळ काढावाच लागत नाही. टाकी रिकामी झाली की एकदम पूर्ण भरायची ही पेट्रोलची सवय डोक्यातून गेली, की लहान शहराला किती थोडा वेग पुरतो ते दिसायला लागतं.

नर्स आहेत, वॉर्डबॉय आहेत, नातेवाईकांपाशी थांबलेले लोक आहेत. सगळ्यांच्या गाड्या तासन्‌तास उभ्या असतात. सहापैकी एखादा खांब बंद असला तरी पाच उरतात. चार्जर हवा असतो तो असा: एक बिघडला तर बातमी होऊ नये. साडेचार देते. अर्धा कापला तो रात्रपाळीनंतर गाडी हलवायची राहून जाते त्यासाठी, आणि ते कुणाला रागावून सांगावंसंही वाटत नाही.

बसस्थानकाच्या ६० किलोवॅटच्या मशिनला जेवढी वीजजोडणी लागते तेवढ्यात असे आठ खांब पूर्ण ताकदीने चालले असते. वाटून घेतले तर वीससुद्धा. मी डीसीच्या विरोधात नाही. टॅक्सीवाल्यांना आणि वाटसरूंना तो हवाच, आणि पेशंट अचानक लांबच्या गावी हलवला गेला तर मलाही. पण शहराकडे एकाच गोष्टीपुरता निधी असेल तर फीत कापण्याजोगं मशिन निवडलं जातं, आणि ते बंद पडलं की सगळ्या शहराचं चार्जिंग बंद पडतं.

याचं साधं गणित आहे. समजा एक गन दहातल्या आठ वेळा चालते. शहरात ती एकटी असेल तर दहातल्या दोन खेपा फुकट. तशाच दोन, पण दोन वेगळ्या जागी, वेगवेगळ्या वीजजोडणीवर असतील तर दोन्ही बंद असण्याची वेळ शंभरात चारदा. एकाच पेटीला दोन गन लावल्या तर हा फायदा मिळत नाही, कारण पेटी गेली की दोन्ही गेल्या. आणि दहात आठ हा आकडा मी उगाच खाली ओढलेला नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को बे परिसरात २०२२ मध्ये संशोधकांनी सार्वजनिक जलद चार्जरच्या ६५७ गन प्रत्यक्ष लावून पाहिल्या. दोन मिनिटं वीज वाहिली तरी ‘चालू’ धरायचं, एवढी सैल कसोटी. तरी ७२.५ टक्केच उतरल्या. सुमारे पाच टक्के ठिकाणी केबलच गाडीपर्यंत पोचत नव्हती. आठवडाभराने त्यातल्या काही पुन्हा तपासल्या तर एकंदर स्थितीत फरक नव्हता. कंपन्या मात्र ९५ ते ९८ टक्के वेळ चालू असल्याचं सांगत होत्या. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असू शकतात: कंपनी सर्व्हरला विचारते, आपण गनला.

त्यानंतर अमेरिकेने केंद्राच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या चार्जरना ९७ टक्क्यांची अट घातली, ब्रिटनने ५० किलोवॅट आणि त्यावरच्या जाळ्यांना सरासरी ९९ टक्क्यांची. ब्रिटनमधली ही सरासरी कंपनीच्या पूर्ण जाळ्याची आहे, हे लक्षात घ्या. मोठ्या शहरांतले शेकडो चार्जर चोख चालले तर लहान शहरातला एक महिनाभर मेलेला असूनही कंपनी पास होऊ शकते. आपण नेहमी त्या एकाच्याच पुढे उभे असतो.

दुरुस्तीला वेळ का लागतो याचंही कारण बहुतेकदा क्षुल्लक असतं. जमिनीत वीज गळत असल्याची नुसती शंका आली तरी सुरक्षेचा स्विच ट्रिप होतो. ३० मिलिअँपिअरवर पडणारा, घरातल्या बोर्डात असतो तसाच. तो योग्यच करतो. पण कित्येक ठिकाणी तो लांबून उचलता येत नाही, कुणीतरी येऊन, पेटी उघडून खटका वर करावा लागतो. किल्ली ज्याच्याकडे तो तंत्रज्ञ दुसऱ्या जिल्ह्यात. एका खटक्यासाठी आठवडा. खांब स्थानिक इलेक्ट्रिशियनला दाखवून ठेवावेत, किल्ली जागेच्या मालकाकडे असावी, एवढं जरी करारात लिहिलं तरी निम्मी रड संपेल असं मला वाटतं.

वाचनालयाच्या आवारातले दोन खांब मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण ते चांगले आहेत आणि कुणाला माहीत नाहीत. त्यांच्यावर २२ किलोवॅट लिहिलंय. भुलू नका; तेवढे घ्यायला गाडीतला चार्जर तीन फेजचा लागतो. एक फेजवाल्या गाडीला इथेही सातच मिळतात. तरी जागा शांत, सावलीची. रात्री नऊनंतर मात्र आवारातले दिवे जातात आणि मोबाइलचा टॉर्च लावून तो दातात धरून गन लावावी लागते. बाईमाणसाने एकटीने जावं अशी ती वेळ राहत नाही. चार्जरवर दिवा हवा, हे एखाद्या मानकात नसलं तरी साध्या अकलेत बसायला हवं. तीन.

आता माझ्या धंद्यातलं थोडं, कारण रिव्ह्यू लिहिणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांच्या हे लक्षात येत नाही. डीसीची केबल जड असते, ताठ असते, थंडीत आणखी ताठ होते. गन एका हातात लांब धरून, मनगट वाकवून सॉकेटमध्ये ढकलणं म्हणजे टेनिस एल्बोला आमंत्रण. कोपर कमरेशी टेकवा, दोन्ही हातांनी धरा, आणि हाताने नको, शरीराचा भार पुढे टाकून आत सारा. काढताना आधी गाडीने कुलूप सोडल्याचा आवाज ऐका, मग सरळ रेषेत ओढा. हिसका देऊन खांदा दुखवून घेतलेले लोक मी पाहिलेत. मनगटाचं प्लास्टर नुकतं निघालेल्या माणसाला हे जमणारच नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला बसस्थानकाच्या मशिनपर्यंत पोचताच येत नाही, कारण ते वीतभर उंच ओट्यावर आहे, पुढे लोखंडी खांब रोवलेत, आणि स्क्रीन उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. ब्रिटनमध्ये यासाठी २०२२ साली पीएएस १८९९ नावाचं वेगळं मानकच काढलं: स्क्रीनची उंची, केबलचं वजन, ओटा नको, बाजूला जागा किती. माझा एक पेशंट पायाने अधू आहे, हातांनी चालवायची गाडी स्वतः चालवतो. इलेक्ट्रिक घ्यायची त्याची फार इच्छा. मी त्याला पाचही जागा दाखवल्या. हॉस्पिटलचे खांब सपाट जमिनीवर आहेत आणि केबल हलकी, तेवढीच जागा त्याने पास केली.

अ‍ॅपबद्दल फार लिहीत नाही. पाच जागांना तीन अ‍ॅप, प्रत्येकाचं वेगळं पाकीट, प्रत्येकात थोडे पैसे अडकलेले. एका अ‍ॅपमधून दुसऱ्या कंपनीचा चार्जर चालवता येणं तांत्रिकदृष्ट्या केव्हाचं शक्य आहे. मोबाइलचं रोमिंग चालतं तसंच ते चालतं. अडतंय ते कंपन्यांच्या मनात.

भाड्याने राहून, पार्किंग नसताना इथे इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का, असं मला अधूनमधून विचारतात. तुमचं कामाचं ठिकाण हॉस्पिटल किंवा वाचनालयाच्या चालण्याच्या अंतरात असेल तर घ्या. बसस्थानकाच्या भरवशावर घेऊ नका. टॅक्सी चालवणार असाल तर पंपावरच्या त्या माणसाशी आधी ओळख करून घ्या. आणि हॉस्पिटलला जाणार असाल तर भिंतीकडून तिसऱ्या खांबाची क्यूआर पट्टी उन्हाने पांढरी पडली आहे, स्कॅन होत नाही. त्याच्या डाव्या कुशीला कोरलेला क्रमांक अ‍ॅपमध्ये हाताने टाका, लगेच सुरू होतो. बरेच जण त्याला बंद समजून पुढे जातात, म्हणून तो नेहमी रिकामा असतो.